पॅन्झरचा ड्रायव्हर कुठं बसतो

आमच्या घरातली पहिली पदवी माझी. कुणी विचारलं नाही तरी मी हे सांगते, आणि सांगणारच. बी.ए., इतिहास, सेकंड क्लास. वर दिलसुखनगरच्या एका जिन्याखाली चालणाऱ्या क्लासचा सहा महिन्यांचा कंप्युटर कोर्स. त्या दिवसांत दिलसुखनगरात दर दुसऱ्या पाटीवर कंप्युटर होता. खाली चपलांचं दुकान, वर कंप्युटर. माझे बाबा सिटी बसचे ड्रायव्हर, आणि त्यांची बस याच रस्त्यानं सिकंदराबादला जायची. माझ्या क्लाससमोरून जाताना ते एकदा हॉर्न दाबायचे. वर्गातल्या पोरींना वाटायचं, कुणीतरी वात्रट आहे.

कोर्स संपला आणि मला बरकतपुऱ्यात नोकरी लागली. शिलाई मशीनच्या दुकानावर दुसरा मजला, चार कंप्युटर, एक फॅक्स आणि एक एसी. एसी कंप्युटरांसाठी होता. आम्हाला मिळायचा तो उरलेला. परदेशातल्या कंपन्यांना माहितीच्या सीडी बनवून द्यायच्या, हा धंदा. तेव्हा सीडीचं मोठं कौतुक होतं. एका चकतीत अख्खी लायब्ररी मावते, असं जो तो सांगत फिरायचा.

मालकांना आम्ही 'सर' म्हणायचो. मूळचे पुण्याचे, चष्मा कपाळावर, बोलणं मोजकं. मुलाखतीत त्यांनी विचारलं, "वडील काय करतात?"

"बस चालवतात," मी म्हटलं.

"अच्छा," ते म्हणाले. "वेळेवर याल मग."

तीन महिने मला तात्पुरतं घेतलं होतं. काम बरं वाटलं तर पक्कं पत्र, नाही तर नमस्कार. आणि माझं पहिलंच काम म्हणजे एक जर्मन रणगाडा.

दुसऱ्या महायुद्धातल्या वाहनांची सीडी करायची होती. गिऱ्हाइकानं सांगितलं होतं, आधी एक नमुना पाठवा. आवडला तर सगळी सीडी तुमची. नमुना ठरला पॅन्झर फोर. पडद्यावर रणगाडा गोल फिरणार, एक बटण दाबलं की वरचं पोलाद नाहीसं होणार आणि आतली पाच माणसं आपापल्या जागी बसलेली दिसणार. माणसावर टिचकी मारली की त्याचं काम वाचायला मिळणार. मजकूर माझा. कोण कुठं बसतं त्याचा नकाशाही मीच काढून द्यायचा, कारण ऑफिसात इतिहास शिकलेली मी एकटी.

खरं सांगते, कॉलेजात आम्हाला महायुद्ध होतं, रणगाडे नव्हते. करार होते, कारणं होती, परिणाम होते. पाच माणसं एका लोखंडी डब्यात बसून काय करतात, हे कोणत्याच पेपरात आलं नव्हतं.

गिऱ्हाइकाकडून पोस्टानं फोटोंच्या झेरॉक्स आल्या आणि फॅक्सवर बसण्याच्या जागांचं एक पान. पानाचा वरचा अर्धा भाग स्वच्छ होता. त्यात फिरता बुरूज आणि बुरुजातले तिघं: मागं उंचावर कमांडर, तोफेच्या डावीकडे नेम धरणारा, उजवीकडे गोळे भरणारा. खालच्या अर्ध्यात पुढचे दोघं असणार होते, ड्रायव्हर आणि रेडिओवाला. तो भाग फॅक्स मशीननं काळा ठिक्कर पाडला होता. जणू तवा छापलाय.

आता शहाणपणाचं काय होतं? सरांना सांगायचं, "पान नीट आलं नाही, परत मागवू या." पण पहिल्याच आठवड्यात मला कळत नाही हे मी कशाला दाखवू? मी ग्रॅज्युएट होते ना! मी समोरून काढलेला फोटो घेतला. पुढच्या पोलादात दोन गोष्टी होत्या. चित्राच्या उजव्या बाजूला बोटभर फटीची जाड झडप, म्हणजे ड्रायव्हरची खिडकी. डाव्या बाजूला गोल खोबणीतून बाहेर आलेली मशीनगन. ती रेडिओवाला चालवायचा, हे फोटोखालच्या ओळीत दिलं होतं. खिडकी उजवीकडे, म्हणून ड्रायव्हर उजवीकडे. शंका घ्यायला जागाच नव्हती. जन्मापासून ड्रायव्हर उजवीकडेच बसलेला पाहिला होता, आणि घरात तर रोज.

मी पट्टी लावून नकाशा काढला. ड्रायव्हर उजवीकडे, रेडिओवाला डावीकडे, मधे गिअरबॉक्स. खाली सहीसुद्धा केली.

रणगाडा कंप्युटरवर उभा करणाऱ्यांना आम्ही उस्ताद म्हणायचो. आधी ते सिनेमाचे बॅनर रंगवायचे. चाळीस फुटी नटाच्या नाकावर शिडी लावून बसलेला माणूस आता माउस धरून बसला होता. बाहेरचं पोलाद त्यांनी फोटोवरून इतकं हुबेहूब केलं होतं की त्यावरचा चिखलही ओला वाटायचा. आतली माणसं माझ्या नकाशावरून केली. बाहेरची फाइल वेगळी, आतली वेगळी. दोन्ही एकदम उघडल्या की आमचा कंप्युटर मान टाकायचा, म्हणून जोडणी शेवटी करायची ठरली होती.

"देखो मॅडम, पाचों को बिठा दिया," उस्ताद म्हणाले. "अब सिर्फ चाय पिलाना बाकी है."

शनिवारी सरांनी दोन्हीची रंगीत चित्रं छापली. एक रणगाडा समोरून, एक आतला भाग वरून. "मजकूर सोमवारी द्या," ते मला म्हणाले. "बुधवारी नमुना कुरिअरनं जाईल. तो पास झाला की तुमचं पत्र." मी चित्रं फाइलीत घालून घरी नेली. मजकुरासाठी तर खरंच, पण खरं कारण म्हणजे दाखवायला.

रविवारी सकाळी बाबा खिडकीशी बसून दाढी करत होते. त्यांना दुपारची पाळी होती. आई पोहे करत होती. मी चित्रं त्यांच्यापुढं धरली.

"हे मी केलंय."

"तू केलीस ही तोफगाडी?"

"म्हणजे उस्तादांनी केली. पण कोण कुठं बसायचं ते मी ठरवलं."

आईनं आतून विचारलं, "जे कुणाचं ऐकले नसते, त्यांना आमच्या पोरीनं बसवलं का?"

बाबांनी हाताचा साबण पुसला, आतलं चित्र घेतलं आणि लांब धरून पाहिलं. "हा ड्रायव्हर? हौ, उजवीकडंच बसलाय. बरोबर." मग बाहेरचं चित्र घेतलं. मग पुन्हा आतलं. त्यांच्या कपाळावर तीच आठी आली, जी डेपोत गाडी ताब्यात घेताना टायरकडे बघून येते.

"हा बघतो कशातून?"

"ही काय खिडकी. उजवीकडे."

"ही त्याची खिडकी न्हाई."

"बाबा, चित्रात दिसतंय की उजवीकडे."

"तुझ्या उजवीकडं दिसतंय. त्याच्या न्हाई." ते उठून उभे राहिले. गालावर साबणाचा पट्टा तसाच. "मी रोज सकाळी गाडीसमोर उभा राहून काच पुसतो. माझी सीट कुठल्या हाताला येते? डाव्या. मी आत जाऊन बसलो की उजव्या. तुझ्या ह्या फोटोत डाव्या हाताला काय आहे? बंदूक. म्हणजे तू ड्रायव्हरला बंदुकीच्या मागं बसवलंस आन् रेडिओवाल्याला खिडकी दिलीस. आता तो रेडिओवाला काय खिडकीतून डोंगर बघत बसणार?"

आई हसली. मला ते झोंबलं. आणि मी ते बोलले, जे आजही आठवलं की कान गरम होतात.

"बाबा, तुम्हाला यातलं काय कळतं? ही बस नाही."

आईचं हसणं थांबलं. बाबांनी कागद खाली ठेवला नाही, चिडलेही नाहीत.

"टँक मला कळत न्हाई, खरं आहे. पण समोर दिसल्याबिगर गाडी चालत न्हाई, येवढं कळतं." आणि त्यांनी समोरून काढलेलं चित्र उलटं केलं, कोरी बाजू आपल्याकडे, आणि खिडकीच्या उजेडावर धरलं. कागदातून रणगाडा फिकट दिसू लागला. "आता आत बसल्यावानी बघ."

फट डावीकडे होती. बंदूक उजवीकडे.

मी कागद ओढून घेतला, फाइलीत घातला आणि पोहे न खाता आतल्या खोलीत जाऊन बसले. बाबा पाळीवर गेले तेव्हा बाहेरही आले नाही. मला वाटत होतं, ते चुकलेत. खरं तर ते चुकलेले असावेत, अशी माझी इच्छा होती.

सोमवारी ऑफिसला जाताना काचीगुडा स्टॉपवर एक रिकामी बस उभी होती. मी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले. ड्रायव्हरची सीट माझ्या डाव्या हाताला. मी मागं वळले आणि बसकडे पाठ करून उभी राहिले. सीट उजव्या हाताला. पुन्हा वळले. फळांच्या गाडीवरची म्हातारी बघत होती. "अम्मा, क्या गुमा?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "ड्रायव्हर." ती म्हणाली, "अभी मिलेगा, चाय पीने गया."

जिना चढताना माझ्याजवळ दोन वाटा होत्या. एक म्हणजे गप्प राहायचं. पण जोडणीच्या वेळी ड्रायव्हरच्या तोंडावर मशीनगन आली असती आणि ते उस्तादांच्या माथी गेलं असतं. किंवा त्यांचंही लक्ष गेलं नसतं, आणि परदेशात कुणी म्हातारा, जो खरंच अशा गाडीत बसला होता किंवा अशा गाडीसमोर पळाला होता, त्यानं पाहिलं असतं. दुसरी वाट सरांच्या टेबलाकडे जात होती.

"सर, ड्रायव्हर चुकीच्या बाजूला आहे. नकाशा माझा. फॅक्सचा खालचा भाग काळा आला होता, मी विचारलं नाही."

सरांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर आणला. "का नाही विचारलं?"

"येत नाही असं वाटू नये म्हणून."

"मग आता काय वाटतंय मला?"

मी तो काळा फॅक्स त्यांच्यापुढं ठेवला. तीन महिन्यांतला दुसरा महिना अजून संपायचा होता.

"चूक कुणाच्या लक्षात आली? तुमच्या?"

इथं मी हो म्हणू शकत होते. "नाही. माझ्या वडिलांच्या."

"बस चालवतात ते?"

"हो. बससमोर उभं राहून काच पुसतात, म्हणून त्यांना कळलं."

सरांनी फॅक्स माझ्याकडे परत सरकवला. मग म्हणाले, "ह्या पानाची नवी प्रत मागवा. फॅक्स मी करतो, मजकूर तुम्ही लिहा. आणि त्यात लिहा की आमच्याकडे पान नीट आलेलं नाही. लिहिता येतं ना एवढं?"

नवं पान दुपारी आलं. ड्रायव्हर डावीकडे.

उस्तादांना सांगितलं तेव्हा त्यांनी दोन्ही हात डोक्यावर ठेवले, मग एकदम हसले. "अरे मॅडम, परेशान कैकू? आईने के माफिक पलटी मारता हूँ. दो मिनट." आणि खरंच, एका बटणासरशी पुढचा सगळा भाग डावा-उजवा झाला. मला वाटलं, सुटले.

पण सर पडद्याजवळ येऊन म्हणाले, "तुमच्या वडिलांना सुटी कधी असते?"

"उद्या."

"बोलवा. अर्ध्या तासासाठी."

मंगळवारी बाबा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले. रविवारपासून आमच्यात 'जेवलीस का' आणि 'हो' एवढंच बोलणं झालं होतं. एसीच्या खोलीत शिरताना त्यांनी चपला बाहेर काढल्या. सर म्हणाले, "राहू द्या हो," तर म्हणाले, "नाही साहेब, मशीनची खोली आहे."

उस्तादांनी त्यांना पडद्यासमोर बसवलं आणि रणगाडा फिरवला. पोलाद नाहीसं झालं. बाबा पुढं वाकले. सगळ्यात आधी त्यांनी ड्रायव्हरच्या पायांकडे पाहिलं.

"ह्याचा ॲक्सिलरेटर डाव्या पायाला कसा?"

उस्ताद पडद्यावर झुकले. आरशातल्या पलटीबरोबर पेडलही उलटे झाले होते.

"आन् हे घड्याळाचे आकडे बी उलटे हायेत की."

उस्ताद म्हणाले, "या अल्ला," आणि माउस सोडून दिला. मग बाबांकडे वळून, "चचा, आप यहीं बैठो. आज आपको नहीं छोडते."

अर्ध्या तासाचे साडेतीन तास झाले. पेडल सरळ झाले, आकडे सरळ झाले. ड्रायव्हरच्या हातातले दोन दांडे पाहून बाबांनी विचारलं, "स्टेअरिंग न्हाई?" मी सांगितलं, एक दांडा ओढला की त्या बाजूचा पट्टा मंदावतो आणि गाडी तिकडे वळते. "म्हणजे दिवसभर दांडे ओढायचे," ते म्हणाले, "खांदे गेले असणार बिचाऱ्याचे." आमचं बोलणं तिथं पुन्हा सुरू झालं, दोघांनीही दखल न घेता.

मी त्यांना रणगाड्याची कहाणी सांगितली. सुरुवातीला तो पायदळाच्या मदतीला होता. आखूड तोफ, काम समोरचे मोर्चे फोडण्याचं. पुढं रशियात जड रणगाडे समोर आले, तेव्हा ह्यालाच लांब नळीची तोफ बसवली आणि रणगाड्यांशी झुंजायला लावलं. युद्ध सुरू झालं तेव्हा तो होता आणि संपलं तेव्हाही होता.

"आमच्या डेपोतल्या जुन्या गाड्या अशाच," बाबा म्हणाले. "नवी येणार, नवी येणार म्हणायचं आन् हिलाच रंग मारून परत पाठवायचं."

"शेवटी शेवटी तर बुरूज फिरवायची मोटारही काढून टाकली. जास्त तेल भरायला जागा हवी होती. मग हातानं चाक फिरवून बुरूज वळवायचे."

"म्हणजे गाडीचा सेल्फ-स्टार्टर चालत न्हाई, धक्का मारा."

सर मोठ्यानं हसले. ते तसं हसतात हे ऑफिसला त्या दिवशी कळलं.

बाबांनी मग पाचही माणसांना कामाला लावलं. कमांडर म्हणजे कंडक्टर: उंचावरून चारी बाजूंना बघणार आणि थांब म्हणणार, चल म्हणणार. "ड्रायव्हरला मागचं काय दिसतं? कंडक्टर 'राइट राइट' ओरडला की आपण गाडी सोडायची. त्याच्या डोळ्यांवर आपला भरवसा." रेडिओवाला म्हणजे स्टँडवरचा कंट्रोलर, बाहेरची खबर त्याच्याकडे. गोळे भरणाऱ्याला त्यांनी क्लीनर केलं. सगळ्यात जास्त मेहनत, सगळ्यात कमी नाव. नेम धरणाऱ्याला मात्र त्यांच्या बसमध्ये जागा सापडली नाही. बराच विचार करून म्हणाले, "हा चेकिंग इन्स्पेक्टर. हा कुणाला सोडत न्हाई."

निघताना त्यांनी पडद्याकडे पुन्हा एकदा पाहिलं. "ह्यांतले घरी किती गेले?"

"बरेच नाही गेले," मी म्हटलं. "आणि लढत होते ते वाईट माणसाच्या बाजूनं."

"गाडी कुणाची आहे ते बघावंच लागतं," ते म्हणाले. "पण आतल्याला उकाडा तेवढाच."

त्या संध्याकाळी मी माझा मजकूर फाडला. त्यात जाडी होती, वजन होतं, वेग होता. नवा लिहिला त्यात ड्रायव्हरला फटीतून किती कमी दिसतं ते होतं, कानाला फोन लावून तो कमांडरच्या आवाजावर कसा चालतो ते होतं, इंजिनाच्या आवाजात शेजारच्याशी बोलायलाही गळ्याला माइक लागतो ते होतं. ते कुणासाठी लढले आणि त्या लढाईनं कुणाचं काय केलं, तेही होतं. ते गाळून उकाडा लिहिला असता तर खोटं झालं असतं. बुधवारी नमुना गेला.

तीन आठवडे काही नाही. रोज फॅक्स खरखरला की मी उभी राहायचे आणि गादीवाल्याची जाहिरात निघायची. मग एका शुक्रवारी सरांनी बोलावलं. नमुना पास झाला होता. गिऱ्हाइकानं दोन ओळी लिहिल्या होत्या: सगळी सीडी करा, आणि माणसांचा मजकूर सगळीकडे असाच ठेवा. सरांनी माझ्यापुढं लिफाफा सरकवला. आत टाइप केलेलं पत्र होतं, खाली शिक्का.

"पुढचं वाहन लॉरी आहे," ते म्हणाले. "फॅक्स काळा आला तर?"

"विचारेन."

"कुणाला?"

"आधी तुम्हाला. मग घरी."

मी वेळेआधी सुटी मागितली आणि धावत स्टॉपवर गेले. बाबांची बस यायला वीस मिनिटं होती. आली तशी पुढच्या दारानं चढले. आमच्या शहरात पुढच्या जागा बायकांच्या. अगदी पुढची मोकळी होती, ड्रायव्हरच्या डाव्या बाजूची. आमच्या दोघांमधे इंजिनाचं गरम झाकण. नकाशात गिअरबॉक्स होता, तसंच.

बाबांनी समोरच्या रस्त्यावरची नजर काढली नाही. "या वेळेला कशी?"

"बाबा, त्या रविवारी मी..."

"पोहे गार झाले होते," ते म्हणाले. "तुझ्या आईनं मला दोनदा खायला लावले. पुढचं सांग, रेडिओवाले. काय खबर?"

मी लिफाफा झाकणावर ठेवला, त्यांना दिसेल असा. इंजिन एवढं घुरघुरत होतं की मला ओरडून सांगावं लागलं. "पक्की झाले!"

मागच्या बायकांनी माना वर केल्या. कंडक्टर मागच्या दारातून ओरडला, "राइट राइट!" बाबांनी गिअर टाकला, आणि स्टॉपवर कुणी नसताना, रस्ता मोकळा असताना, एकदा हॉर्न दाबला.